पाचाची ओळ

सरकारच्या आकडेवारी खात्यातून दर वर्षी दोन पुस्तकं निघत. एक निळ्या पुठ्ठ्याचं. कुठल्या देशाला आजवर किती मदत दिली आणि कशासाठी दिली, ते त्यात असे. दुसरं पिवळ्या पुठ्ठ्याचं. बाहेरून येऊन इथे राहणारी माणसं कुठल्या देशाची किती, ते त्यात असे. ही पुस्तकं कुणी हौसेनं वाचली असतील असं वाटत नाही. ती छापखान्यातून कपाटात जात, कपाटातून रद्दीत जात, आणि रद्दीतून पुढे कुठे जात याचा तक्ता कुणी केला नव्हता. वाचक म्हणावा असा माणूस एकच. खात्यासमोरच्या फुटपाथवर किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी होती. पिवळं पुस्तक निघालं की हा किल्लीवाला यंत्र बंद करून वर यायचा, पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा आणि मग भांडायचा.

भांडायचा तो बेरीजबाईंशी. बाईंचं खरं नाव पगारपत्रकात होतं, पण तेवीस वर्षं पिवळ्या पुस्तकातल्या बेरजा त्यांनीच तपासल्या होत्या, म्हणून सगळं खातं त्यांना बेरीजबाई म्हणे. अगदी तोंडावर म्हणे, आणि बाईंना ते मनातून आवडे. त्यांचे यजमान तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते, पण घराच्या जिन्याला अठरा पायऱ्या आहेत असं ते म्हणाले तर बाई उतरताना मोजून खात्री करून घेत. असा स्वभाव. त्याला औषध नाही.

किल्लीवाल्याचं म्हणणं साधं होतं. तो ज्या देशातून आला होता तो इतका चिमुकला, की नकाशात देशापेक्षा त्याचं नाव मोठं दिसे. बारा वर्षांपूर्वी तो एकटा इथे आला. निळ्या पुस्तकात त्याचा देश होता. पान बेचाळीस, पाण्याचे हातपंप दोन. पिवळ्या पुस्तकात मात्र नव्हता.

"म्हणजे बघा बाई," तो दर वर्षी म्हणे, "तुमच्या सरकारच्या लेखी आमचा देश आहे, पण फक्त घ्यायला. तिथे माणसंही राहतात, त्यातलं एखादं इथे येऊन घाम गाळतं, हे तुमच्या पुस्तकाला ठाऊकच नाही."

बाई त्याला पाचाचा नियम समजावून सांगत. एखाद्या देशाची माणसं पाचांहून कमी असली की त्या देशाची ओळ छापायची नाही. कच्च्या तक्त्यात आकड्याच्या जागी फुली मारायची आणि ती माणसं शेवटच्या 'इतर' नावाच्या ओळीत ढकलायची. कारण ओळीत पुढे वय, काम, लग्न असे रकाने असतात. एकच माणूस असला तर त्याची सगळी कुंडली चारचौघांत उघडी पडेल. हे तुमच्याच भल्यासाठी आहे, असं बाई सांगत. त्यावर किल्लीवाला म्हणे की मी कुठला ते अख्ख्या रस्त्याला माहीत आहे, मग पुस्तकानंच एवढं लाजायचं काय कारण? तो खाली उतरून गेला की त्यांना वाईट वाटायचं, आणि आपल्याला वाईट वाटतंय याचा रागही यायचा.

दोन वर्षांपूर्वी किल्लीवाला गावी जाऊन लग्न करून आला. बायको इथे आली तेव्हा बाई थट्टेनं म्हणाल्या, "दोन झाले. आता तीनच हवेत." त्यानं थट्टा मनावर घेतली म्हणा किंवा दैवानं घेतली म्हणा, पण या जानेवारीत तो एकेका उडीत दोन दोन पायऱ्या चढून वर आला आणि दारातूनच चार बोटं दाखवली. जुळ्या मुली झाल्या होत्या. त्या दिवशी त्यानं सगळ्या मजल्याला चहा पाजला. साहेबांनीही घेतला. एरवी साहेब बाहेरच्या माणसाकडून टाचणीसुद्धा घेत नसत.

चार झाले. पाचवं माणूस त्याच्या घरातच होतं, पण त्याला ते दिसत नव्हतं, कारण ती त्याची सासू होती. बाळंतपणासाठी ती डिसेंबरात आली होती. दोन खोल्यांच्या घरात तिनं आल्या दिवशी भांड्यांच्या जागा बदलल्या, दुसऱ्या दिवशी जावयाची झोपायची जागा बदलली, आणि तिसऱ्या दिवसापासून जावयालाच बदलायला घेतलं. तिचं परतीचं तिकीट एप्रिलचं होतं. किल्लीवाला टपरीतल्या कॅलेंडरवर रोज एक दिवस खोडत होता. एकदा हे गाऱ्हाणं तो बाईंना रंगवून सांगत असताना बाईंच्या डोक्यात चक्र फिरलं. मोजणीचा दिवस तीस जून. त्या दिवशी ज्याला इथे येऊन सहा महिने झालेले असतील तो पाहुणा नाही, रहिवासी; इथे जन्मलेली बाळं तर पहिल्या दिवसापासूनच. सासूबाई जूनअखेर राहिल्या तर पाच होत होते.

हे ऐकून किल्लीवाल्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. ज्या बाईनं जावं म्हणून तो दिवस मोजत होता, तिच्याच हातापाया पडून तिला ठेवून घ्यायची वेळ आली होती. अडला हरी, आणखी काय. घरी जाऊन त्यानं सासूला 'राहा की अजून' म्हटलं. सासू संशयानं त्याच्याकडे बघत राहिली आणि मग लेकीला तिनं विचारलं, याला ताप आहे का? नाही म्हणाली ती राहायला. तिच्या बकऱ्या शेजारणीकडे होत्या आणि शेजारणीवर तिचा काडीचा भरवसा नव्हता.

शेवटी तो तिला एका शनिवारी खात्याच्या वाचनखोलीत घेऊन आला. खोली लहान, एक लांब टेबल, सहा खुर्च्या, आणि खिडकीखाली निळ्या-पिवळ्या पुस्तकांच्या रांगा. बाईंनी निळं पुस्तक काढून पान बेचाळीस उघडलं. किल्लीवाला दोघींच्या मध्ये बसून इकडचं तिकडे सांगत होता. म्हातारीला वाचता येत नव्हतं, पण 'दोन हातपंप' हे कळल्यावर ती ताठ बसली. त्यातला एक पंप तिच्याच गावातला होता. पहिल्याच वर्षी त्याचा दांडा मोडला होता, आणि तिच्या नवऱ्यानं, किल्लीवाल्याच्या सासऱ्यानं, बैलगाडीचा जुना लोखंडी आस कापून नवा दांडा बसवला होता. सासरा जाऊन सहा वर्षं झाली. दांडा अजून तोच होता आणि गाव अजून त्याच पंपाचं पाणी पीत होतं. दांड्याचं कुठे लिहिलंय, असं तिनं विचारलं. बाईंना पान उलटावंसंसुद्धा वाटलं नाही. लिहिलेलं नव्हतंच.

"हे वाचणाऱ्याला वाटेल," सासू म्हणाली आणि जावयानं ते मान खाली घालून बाईंना सांगितलं, "की आमच्याकडे नुसते हात पसरणारेच राहतात."

मग तिनं पिवळ्या पुस्तकात शिरायला काय लागतं ते विचारलं. पाच माणसं लागतात, असं बाईंनी सांगितलं. सासूनं हाताच्या बोटांवर मोजलं, जावई, लेक, नात, नात, आणि अंगठा राहिला. तो अंगठा तिनं जावयाच्या नाकासमोर धरला आणि हे मला सरळ का नाही सांगितलंस म्हणून त्याला तिथेच झापलं. तिकीट पुढे ढकललं ऑगस्टच्या चौदा तारखेवर. बकऱ्यांसाठी शेजारणीला कडक निरोप गेला. किल्लीवाल्यानं कॅलेंडरवर खोडणं बंद केलं, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायला लागला की यंदा आमचा देश पुस्तकात येणार. फुलवालीला सांगितलं, बस थांब्यावरच्या लोकांना सांगितलं, कुलूप लावून किल्ली आत विसरलेल्या घाईतल्या माणसालाही सांगितलं.

जुलैत कच्चा तक्ता बाईंच्या टेबलावर आला. त्यांनी सगळं बाजूला सारून ती ओळ शोधली. फुली होती.

बाईंना ते खरंच वाटेना. म्हातारीचा कागद कुठे अडला असेल म्हणून त्यांनी परवाना विभागाला फोन केला. कागद ठीक होता. जुळ्यांची जन्मनोंद पाहिली. तीही ठीक होती. दोन दिवस त्या इकडे तिकडे विचारत फिरल्या आणि शेवटी तळमजल्यावरच्या नोंदणी खिडकीशी गेल्या. तिथल्या कारकुनानं त्यांना संगणकावर देशांची यादी दाखवली. एकसष्ट देश आणि तळाशी 'इतर'. आलेल्या माणसाचा देश यादीत नसला की 'इतर' दाबायचं, असं त्यानं सांगितलं. म्हणजे किल्लीवाल्याच्या बायकोला, जुळ्यांना आणि सासूला खिडकीवरच इतर करून टाकलं होतं. त्यांचा देश संगणकाला कळलाच नव्हता.

"ही यादी कुणी केली?" बाईंनी विचारलं. आवाजात धार होती, कारण आता चूक कुणाची ते सापडलं, असं त्यांना वाटलं होतं.

कारकुनानं खणातून एक जुनं पत्रक काढलं. नऊ वर्षांपूर्वीचं. पाचांहून कमी माणसं असल्यानं जे देश पुस्तकात छापले जात नाहीत ते खिडकीवरच्या यादीतूनही काढावेत, म्हणजे नोंदणीचा वेळ वाचेल, असं त्यात लिहिलं होतं. खाली सही होती बेरीजबाईंची. त्या सूचनेबद्दल त्यांना तेव्हा शाबासकीचं पत्रही मिळालं होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. पाच झाल्याशिवाय देश यादीत येणार नाही, आणि यादीत आल्याशिवाय त्याचे पाच होणार नाहीत. किल्लीवाल्याचं सगळं गाव इथे राहायला आलं असतं तरी तक्त्यात फुलीच उमटली असती. तो स्वतः यादी कापण्याआधी आला होता म्हणून संगणकात त्याच्या देशापुढे एकाचा आकडा होता, एवढंच. आणि बाई मात्र दर वर्षी त्याला नियम समजावून सांगत होत्या.

जिना चढून बाई आपल्या टेबलाशी आल्या. गप्प बसायचं म्हटलं तर बसता येत होतं. निवृत्तीला दोन वर्षं होती, नऊ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, पुढेही कुणी विचारणार नव्हतं. पण खिडकीतून खाली टपरी दिसत होती आणि किल्लीवाला कुणाला तरी हाताचा पंजा दाखवून काहीतरी सांगत होता. बाईंनी कागद ओढला आणि पहिल्याच वाक्यात लिहिलं, 'सदर चूक माझी आहे.' 'इतर'मधले फॉर्म पुन्हा उघडून देशवार लावावेत, अशी विनंती करून त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

साहेब म्हणजे नियमाचा पुतळा. त्यांनी टिपण वाचलं, पत्रक वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पत्रक बाईंकडे वळवलं. बाईंच्या सहीखाली आणखी एक बारीक सही होती. मंजूर, उपप्रमुख. नऊ वर्षांपूर्वी उपप्रमुख कोण होते हे बाईंनी आठवलं आणि त्यांना हसू आलं. ते दाबायला गेल्या तर साहेबच आधी फिस्सकन हसले. तेवीस वर्षांत बाईंनी त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले.

तळघरातून चारशे बारा फॉर्म वर आले. चार दिवस बाई, साहेब आणि खिडकीवरचा कारकून वाचनखोलीतल्या लांब टेबलाशी बसून फॉर्म लावत होते. साहेबांनी बाह्या सरसावल्या होत्या. एकेक देश 'इतर'मधून बाहेर येत होता. कुठल्याशा देशाचे अकरा निघाले, आणखी एकाचे सात. अकरांचा देश सापडला तेव्हा साहेब जणू स्वतःच्या हातानं जमिनीतून हंडा काढल्यासारखे खूष झाले. बाईंनी किल्लीवाल्याच्या देशाची वेगळी चवड केली होती. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिच्यात चार फॉर्म आले. बायको, मुलगी, मुलगी, सासू. संगणकातला तो धरून पाच. बाईंनी समाधानानं चवडीवर हात ठेवला आणि पुढचा फॉर्म उचलला.

तो त्याच देशाचा होता.

आधी त्यांना वाटलं, एकच फॉर्म दोनदा आलाय. तीनदा तपासला. सात वर्षांपूर्वीचा फॉर्म, पुरुष, वय आता एकोणसाठ, एकटा. काम, मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात इस्त्री करणं. पत्ता शहराच्या दुसऱ्या टोकाचा, कालव्यापलीकडचा. सात वर्षं एकाच शहरात दोन माणसं आपापल्या जागी, आपल्या भाषेत बोलायला इथे घराबाहेर दुसरं कुणी नाही असं समजून गप्प राहिली होती, आणि दोघांना एकमेकांपासून लपवलं होतं बाईंच्या एका सहीनं. बाईंचे डोळे भरून आले. साहेबांनी काय झालं विचारलं, तर त्यांनी फॉर्म पुढे केला. साहेबांनीही तो तीनदा वाचला.

"सांगता येणार नाही," साहेब हळूच म्हणाले.

ते बाईंना सांगायला नको होतं. फॉर्ममधलं फॉर्ममध्येच राहील अशी सही त्यांनी नोकरीच्या पहिल्या दिवशी केली होती. आकडा छापता येतो, माणूस दाखवता येत नाही. एरवी बाईंच्या तोंडात तीळ भिजत नसे, शेजारणीच्या माहेरची भांडणंही त्या यजमानांना सांगून मोकळ्या होत. पण पुढचे तीन आठवडे त्या घरी इतक्या गप्प होत्या, की यजमानांनी त्यांना डॉक्टरकडे नेण्याची गोष्ट काढली. टपरीसमोरून जाताना तर त्या रस्ताच ओलांडत. किल्लीवाल्यानं एकदा गाठून ओळ आली का विचारलं, तर पुस्तक निघेल तेव्हा बघा, एवढंच म्हणाल्या. त्यांचा चेहरा पाहून त्याला वाटलं, यंदाही नाही. त्यानं गिऱ्हाइकांना सांगणं बंद केलं.

पुस्तक निघालं बारा ऑगस्टला. म्हातारीला जायला दोन दिवस होते. किल्लीवाला वर आला तो सगळं घर घेऊन. बायकोच्या कडेवर एक मुलगी, सासूच्या कडेवर दुसरी. वाचनखोलीत आज उगाचच गर्दी होती. साहेबांना नेमकं आत्ताच तिथलं एक जुनं पुस्तक हवं होतं, आणि तळमजल्यावरचा कारकून खिडकी बंद करून आला होता. किल्लीवाल्यानं पान उलटलं, ओळीवरून बोट फिरवलं आणि थांबला. त्याच्या देशाचं नाव होतं. पूर्ण, ठळक, इतर देशांच्या नावांएवढंच मोठं. त्यानं ते मोठ्यानं वाचलं. बायकोनं वाचलं. सासूला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं त्या जागेवर हात फिरवला.

मग त्यानं पुढचा आकडा पाहिला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"बाई," तो संकोचून म्हणाला, "बेरीज चुकली."

त्यानं पुस्तक बाईंकडे वळवलं.

"आम्ही पाच. तुम्ही सहा छापलेत."

"तेवीस वर्षांत माझी बेरीज चुकलेली नाही," बाई म्हणाल्या.

त्यानं पुन्हा मोजलं. स्वतःच्या छातीवर बोट, बायको, मुलगी, मुलगी, सासू. पाच. परत पुस्तकाकडे पाहिलं. तेवढ्यात सासूनं काय ते विचारलं, बायकोनं सांगितलं, आणि म्हातारीच्या ते आधी लक्षात आलं. तिनं जावयाच्या दंडाला धरलं आणि त्यांच्या भाषेत दोनच शब्द बोलली, "आणखी एक." किल्लीवाला मटकन खुर्चीवर बसला.

"कोण?" त्यानं विचारलं.

"ते मला सांगता येत नाही. तशी सही केलीय."

"पण आहे?"

"आहे," बाई म्हणाल्या. "पुस्तकात आहे म्हणजे आहे."

मग तो रडला, आणि रडता रडता हसला. साहेब जुन्या पुस्तकात तोंड खुपसून उभे राहिले. पुस्तक उलटं धरलेलं होतं.

म्हातारीनं चौदाचं तिकीट रद्द केलं. सहावा बघितल्याशिवाय मी हलायची नाही, असं तिनं जाहीर केलं, आणि जावई चक्क आनंदानं हो म्हणाला. त्यानं ते पान मोठं करून घेतलं आणि त्या ओळीभोवती लाल रेघ मारून टपरीच्या काचेवर चिकटवलं. फुलवालीनं दहा जणांना सांगितलं, बस थांब्यावरच्या लोकांनी वीस जणांना. कुणाच्या तरी बहिणीची नणंद दवाखान्यात कामाला होती.

नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला बाईंनी खिडकीतून पाहिलं, तर टपरीसमोर पांढऱ्या कोटातला एक बारकासा माणूस उभा होता. त्याच्या हातात किल्ली नव्हती. तो काचेवरची ओळ वाचत होता. वाचून झाल्यावर त्यानं त्या सहाच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि काहीतरी म्हणाला. किल्लीवाल्याच्या यंत्राचा आवाज थांबला. तो टपरीच्या फळीखालून वाकून बाहेर आला, आणि दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. मग दोघं एकदमच बोलायला लागले, बारा वर्षांचं आणि सात वर्षांचं, कुणीच कुणाचं न ऐकता. बाकड्यावर नातीला घेऊन बसलेली म्हातारी उठली आणि तिनं ती नात त्या परक्या माणसाच्या हातात देऊन टाकली.

किल्लीवाल्यानं मान वर करून खिडकीकडे पाहिलं आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं विचारलं, "बाई, हाच ना?"

बाईंनी सहीला जागून तोंड घट्ट मिटून घेतलं, पण हसू काही त्यांच्या ताब्यात राहिलं नाही.